हात खाली, माल वर

खाली नवऱ्याने हात वर केला, आणि वर क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या तिने दांडा खाली दाबला. लोखंडाचा भलामोठा साचा जमिनीवरून उचलला गेला. आज तिचा शेवटचा दिवस. उद्यापासून तो वर बसणार आणि ती घरी.

लढाई संपली होती. पुरुष एकेक करून परतत होते, बायका एकेक करून शिड्या उतरत होत्या. जागा मुळात त्याचीच. तो सैन्यात गेला तेव्हा मुकादमाने नाइलाजाने तिला तिथे बसवलं. महिनाभरात रडत खाली येईल, असं सगळे म्हणाले होते. ती रडली, पण वरच. घरी सासू आणि दोन पोरं, इथे कारखान्यात भट्टीचा धूर, उकाडा आणि आखडलेली मान. ती इतकी थकली होती की सासूने "सुटलीस गं बाई एकदाची" म्हटलं, तर मान हलवायचंही त्राण नव्हतं. आणि तरी ही खुर्ची सोडायची या विचाराने सकाळी घास घशाखाली उतरला नव्हता. पण नवऱ्याला सांगणार कसं? तो जिवंत परत आला होता. त्याच्याकडे आणखी काही मागायची तिला लाज वाटत होती.

तो बिचारा खुशीत होता. "आज एक दिवस मी तुझा हरकाम्या," सकाळी शिडीपाशी म्हणाला. तिनेही हसायचं म्हणून हसून घेतलं.

साचा ठरल्या जागी आला. नवऱ्याने उघडा पंजा खाली हलवला. दांडा वर ओढून ती माल हळूहळू सोडू लागली. साच्याखालचं तिला दिसत नव्हतं. वरून ते कधीच दिसत नाही. म्हणून तर खालचा हात सांगेल तेवढंच करायचं, आपली अक्कल पाजळायची नाही. सैन्यात जाण्याआधी काम शिकवताना त्यानेच हे तिला दहादा बजावलं होतं.

एकाएकी नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याचा हात जोरजोरात खाली जाऊ लागला. खाली, आणखी खाली.

पण पंजा उघडा नव्हता. मूठ आवळलेली होती. अशी मूठ फक्त दांड्यावर असते, आणि दांडा खाली दाबला की माल वर जातो.

तिने दांडा खाली दाबला. साखळ्या करकरल्या, साचा वर गेला.

"हात खाली आणि माल वर?" मुकादम ओरडत आला. "डोळे फुटले का बाई? बरं झालं, उद्यापासून ब्याद टळतेय."

तेवढ्यात साच्याखालून बुटका भट्टीवाला रांगत बाहेर आला. निसटलेली पाचर काढायला तो आत शिरला होता. मुकादमाने धावत जाऊन त्याला उठवलं.

ती शिडी उतरली. नवरा स्वतःच्या मुठीकडे बघत उभा होता.

"चूक माझी," तो मुकादमाला म्हणाला. "घाबरलो, आणि जुन्या सवयीने दांडा दाबावा तसा हात दाबला. उद्याही तिलाच बसवा."

"अरे, पण जागा तुझी."

"मी वर असतो," तो म्हणाला, "तर हात बघून माल खाली सोडला असता."