कुंदन आणि सौरभचं काय झालं

आई गेल्यावर महिन्याभराने तिने आधीच मागवलेल्या ‘मांगा’ या जपानी चित्रकथेचा शेवटचा भाग खांदेश्वरच्या घरी आला. शाळेतल्या दोन जपानी मुलांची प्रेमकथा. नावं जिभेवर बसेनात म्हणून आईने त्यांचं बारसं केलं होतं: कुंदन आणि सौरभ. शेजारच्या सगुणाकाकूंना ती रोज त्यांची खबर द्यायची. दोघांचं जमतं का, तेवढं तिला कळायचं राहिलं. बाबांनी तो मराठी पुस्तकासारखा उघडला. “अगं, पहिल्याच पानावर दोघं मिठीत!” “बाबा, मांगा उलट्या बाजूने वाचतात. तुम्ही शेवट पाहिलात.” बाबा ते पान तसंच उघडं धरून उठले. मग दार उघडून ओरडले, “सगुणाताई, जमलं पोरांचं!” काकू ओल्या हातांनीच धावत आल्या. “मी बोलले नव्हते? तोंड गोड करा!” आणि जीभ चावली. आई गेल्यामुळे आमच्याकडे वर्षभर गोडधोड करायचं नव्हतं. बाबांनी रवा भाजायला घेतला. “आज तिने वर्ष पाळलं नसतं.”