सहीबाईंची हरकत

चहा यायच्या आत सहीबाईंनी तीनशे बारा मतं बाद केली होती. कष्ट काहीच नव्हते. मशीनने काढलेल्या यादीखाली एक सही ठोकायची, बस्स.

टपालाने आलेल्या प्रत्येक मताच्या पाकिटावर मतदाराची सही असते. मशीन ती जुन्या नोंदीतल्या सहीशी ताडून बघायचं आणि पसंत न पडलेलं पाकीट न उघडताच बाजूला टाकायचं. पण कायदा असा, की मत बाद करायचं तर ते माणसाने पाहिलं पाहिजे. म्हणून सहीबाईंना बोलावलं होतं. बँकेत तीस वर्षं त्यांनी चेकवरच्या सह्या तपासल्या होत्या. नावही तिथेच पडलं होतं. निवृत्तीनंतर ‘माणूस’ या पदावर नेमणूक होणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

चहा झाल्यावर त्यांचं मन खाऊ लागलं. त्यांनी बाद पाकिटांचा ट्रे पुढ्यात ओढला. पहिल्या सहीतलं शेवटचं अक्षर थरथरत खाली घरंगळलं होतं. दुसरी डाव्या हाताने केलेली. उजवा प्लास्टरमध्ये असणार. तिसरीतलं आडनाव अर्ध्यावर सोडलेलं, गॅसवर दूध ठेवून आल्यासारखं. एकेक करत तीनशे बाराही पाहून झाली. खोटी एकही निघेना.

"साहेब, ही सगळी खरी माणसं आहेत. यादी मागे घ्या."

साहेब त्यांच्या धाकट्या भावापेक्षाही लहान होते, पण खुर्ची मोठी होती. "मॅडम, यादीवर तुमची सही झालीय. पाच वाजता ती वर जाणार. आता ब्रह्मदेव आला तरी काही होत नाही."

"न बघता सही केली, ही माझी चूक. तशी हरकत लिहून देते."

"द्या की! तीही मशीनखाली घालू. नियम सगळ्यांना सारखा."

सहीबाईंनी तीन ओळी लिहिल्या. ही पाकिटं मी न पाहता बाद केली. आता पाहिली. ती उघडून मोजावीत. खाली सही केली. साहेबांनी कागद मशीनखाली सरकवला. मशीनकडे बाईंची सही होती ती नोकरीला लागतानाची. लाल दिवा लागला. जुळत नाही.

"हरकत बाद," साहेब खुशीत म्हणाले. "मशीन कुणाची भीड ठेवत नाही, बघा!"

शिपाई हसला. पलीकडचे दोन कारकून हसले. सहीबाईही हसल्या, जरा उशिराने.

"मग सकाळची यादीही घाला. तिच्याखाली त्याच बाईची सही आहे."

"त्याची काय गरज?"

"नियम सगळ्यांना सारखा."

कारकून बघत होते, म्हणून साहेबांना यादी घालावी लागली. पुन्हा लाल दिवा. म्हणजे यादी कुणा माणसाने पाहिलेलीच नाही, असं खुद्द मशीनचं म्हणणं पडलं. पाचच्या आत नेमलेल्या माणसाची जुळणारी सही नसेल, तर तीनशे बाराही पाकिटं उघडावी लागणार होती.

पावणेपाच झाले होते. साहेबांनी खुर्ची जवळ ओढली आणि एकाएकी ते घरचे झाले.

"मावशी, एवढं कराच." त्यांनी स्क्रीन वळवला. त्यावर बाविशीतल्या एका मुलीची गोल, टवटवीत सही होती. "ही बघा, आणि खाली अगदी अश्शीच मारा. हुबेहूब. दोन मिनिटांचं काम."

सहीबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"साहेब, समोर बघून हुबेहूब मारलेली सही म्हणजे खोटी सही. तीस वर्षं मी तेवढीच पकडत आले."