अजून चार तास

"घंटी वाजली का, बाबा?"

पाठीवरची पिशवी उतरवायच्या आधीच प्रफुलनं विचारलं. सावलीहून येणाऱ्या बसमधून तो फाट्यावर उतरला आणि तिथून वैनगंगेच्या काठापर्यंत पळतच आला. बसमध्ये मामाचा फोन आला होता. धरणाचं पाणी नऊलेच सोडलं, तुया बाबाले मेसेज केला, सगळे वर आले ना? त्यानंतर प्रफुलनं बापाला दहा वेळा फोन लावला. लागला नाही.

"वाजन ना," लहानू म्हणाला. नदीकडे पाठ करून तो काठावर टरबुजांचा ढीग लावत होता, सावकाश, एकेक थापटून. "कायची घाई आहे तुले? या मोबाईलनं अजून लय वेळ सांगतला."

उन्हाळ्यात नदी आटली की लहानू ढिवर रेतीत टरबुजाची वाडी लावायचा. वरच्या धरणातून पाणी सोडलं की ते पाच तासांत इथं पोचायचं. प्रफुल चंद्रपूरला कॉम्प्युटर शिकत होता. यंदा त्यानं बापाच्या मोबाईलमध्ये स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम टाकून दिला होता. धरणाजवळ राहणाऱ्या मामाचा मेसेज आला की बटन दाबायचं, चार तासांनी घंटी वाजणार. मग सामान उचलून रेतीवरून वर यायला पुरा एक तास. हॉस्टेलात त्यानं तीनदा करून पाहिलं, तीनदा घंटी वाजली. काय तोरा होता तेव्हा पोराचा! अख्ख्या गावाला दाखवून झालं होतं.

"मोबाईल दे."

लहानूनं कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडली, आतला मोबाईल काढून दिला. मोबाईल बंद होता.

"बंद काऊन आहे हा?"

"मंग? चालू ठेवून बॅटरी संपवू? गावात लाईन राह्यत नाई, चार्ज कराले सावलीले जा लागते. सकाळी मेसेज आला, बटन दाबलं, बंद करून ठेवला."

आता प्रफुलच्या ध्यानात आलं. गावात सगळे असंच करतात. बोलणं झालं की मोबाईल बंद. हॉस्टेलात त्याचा मोबाईल दिवसभर चार्जरला लटकलेला असायचा, म्हणून घंटी वाजायची. मोबाईल बंद केला की आतलं मोजणंही बंद, नऊपासूनचं सगळं पुसलं जातं. याच घरात वाढला हा, आणि एवढी साधी गोष्ट याच्या डोक्यात आली नाही!

"मंग मधात चालू केला होता काय?"

"केला ना, बाराले. प्रोग्राम खोलला, बटन दाबलं, तर अजून चार तास म्हणते. म्हटलं बरं झालं, आज पाणी उशिरा येऊन राह्यलं. गाडीवाला तीनले येते. तुया मायले पल्याडच्या वाडीत पाठवलं, म्हटलं तिथली बी टरबुजं तोडून ठेव."

प्रफुलनं घड्याळ पाहिलं. पावणेदोन झाले होते.

"बाबा, ते चार तास नव्यानं मोजून राह्यलं होतं! पाणी दोनले येते!"

लहानूला मोबाईलचं काही कळलं नाही, पण पोराचं तोंड पाहून सगळं कळलं. तो वळला.

काठ आणि पल्याडची वाडी यांच्या मधली धार सकाळी गुडघ्याएवढी होती. प्रफुलची माय मैना लुगडं खोचून चालत गेली होती त्यातून. पल्याडच्या वाडीत राखणीसाठी उंच खांबांवर मांडव बांधलेला होता. आता तिथलं पाणी वाढून मातकट झालं होतं, त्यावर फेस होता आणि सुकी पानं वाहत होती. पानं दिसली की अर्ध्या तासात रेती सोडायची, हे लहानूला त्याच्या बापानं शिकवलं होतं. तीस वर्षांत तो कधी चुकला नव्हता.

"आधी मी पान्याकडे पाहत होतो रे," तो म्हणाला. "यंदा पाह्यलंच नाई. म्हटलं, पोरानं केलं आहे, आता कायले पाहाचं?"

प्रफुलला त्या क्षणी वाटलं, बापानं एक कानाखाली द्यावी. लहानूनं दिली नाही. तो पाण्यात उतरला.

तिसऱ्या पावलाला पाणी छातीला लागलं, चौथ्याला पाय सुटले. पुरात पोहणारा ढिवर, पिढीजात मासेमार, पण धारेनं त्याला फिरवलं आणि वीस हात खाली याच काठाला आणून टाकलं. तो उठला, पुन्हा उतरला. पुन्हा तेच झालं. डोंगा, त्यांची एकुलती नाव, घरी अंगणात पालथा पडला होता, डांबर लावून वाळत ठेवलेला. मैना रानातल्या गावाहून लग्न होऊन आलेली, तिला पोहता येत नव्हतं.

"माये!" प्रफुल ओरडत सुटला. "मागं पाह्य! मांडवावर चढ! माये!"

पाण्याच्या आवाजात त्याचा शब्दही तिकडे पोचला नाही. पण इतका वेळ वाकून टरबुजं तोडणाऱ्या मैनानं मान वर केली, तिला फक्त काठावरचा पोरगा दिसला. होळीनंतर पहिल्यांदाच घरी आला होता, दोन्ही हात हलवत होता, आपल्याला पाहून नाचत होता जणू. तिच्या मागं नदी वाडीत शिरली होती, मांडवाचे खांब निम्मे बुडाले होते.

ती वाकली. वेलावरचं सगळ्यात मोठं टरबूज तिनं तोडलं आणि त्याला दिसावं म्हणून दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलं.