गाठीची जात

आबासाहेबांच्या पोटातल्या गाठीचा रिपोर्ट डॉक्टरांनी पुन्हा वाचला. "पोटाच्या कॅन्सरच्याही जाती असतात. काहींत माणूस जास्त जगतो, काहींत कमी."

आबासाहेबांना हे लगेच पटलं. जातीवरच सगळं ठरतं, हे ते जन्मभर सांगत आले होते. याच तत्त्वापायी त्यांनी परजातीत लग्न केलेल्या मृणालिनीला, पोटच्या लेकीला, घराबाहेर काढलं होतं. आज तीच शेजारी बसली होती, कारण शुद्ध रक्ताचे सगळे पुतणे अचानक कामात होते.

"आमची उच्चच असेल," आबासाहेब म्हणाले.

"नाही, वाईट आहे. पेशी सुट्या होऊन पसरतात," डॉक्टर म्हणाल्या. "जठर लगेच काढावं लागेल. नंतर दिवसभर थोडंथोडं भरवणारं माणूस लागेल."

पुतण्यांची नावं आबासाहेबांच्या ओठांवर आली आणि तिथेच राहिली.

"माझ्याकडे चला," मृणालिनी म्हणाली. "पण आमच्याकडे स्वयंपाक हे करतात."

या जावयाच्या हातचं पाणीसुद्धा आबासाहेबांनी कधी घेतलं नव्हतं. त्यांनी बराच वेळ धर्मसंकटात सापडल्यासारखा चेहरा केला.

मग हळूच विचारलं, "तिखट फार घालत नाहीत ना?"