निळा फ्रॉक, पांढरे बूट

चिमणीच्या आईला जन्मापासून डोळे मिटले की नुसता काळोख. पोटची पोर शेजारच्या खोलीत गेली, तरी तिचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे यायचा नाही. म्हणून बाहेर पडताना ती पोरीला दारात उभी करून मोठ्याने घोकायची, "निळा फ्रॉक, दोन वेण्या, पांढरे बूट." नवरा हसायचा, "झाले हिचे पाढे सुरू!"

त्या दुपारी मॉलच्या गर्दीत चिमणीचा हात सुटला.

"घाबरू नका ताई. अंगात काय होतं तिच्या?" सुरक्षारक्षकाने विचारलं.

"निळा फ्रॉक, दोन वेण्या, पांढरे बूट." एका दमात, न अडखळता.

"नक्की ना?"

"अहो, तोंडपाठ आहे माझं!"

सगळ्या दारांवर निरोप गेला. थोड्या वेळाने मागच्या दारावरून वायरलेस खरखरला, "साहेब, एका माणसाच्या कडेवर एक पोर आहे, रडून रडून लाल झालीय. पण फ्रॉक पिवळा आहे. थांबवू का?"

रक्षकाने तिच्याकडे पाहिलं.

"नाही हो, आमची निळ्यात आहे," ती कळवळून म्हणाली. "उगीच वेळ नका घालवू!"

"जाऊ दे त्याला," रक्षक वायरलेसवर म्हणाला.

तिला रडू आवरेना. रुमाल काढायला तिने पिशवीत हात घातला.



हाताला ओलाकिच्च निळा फ्रॉक लागला. सरबत सांडलं म्हणून मघाशी तिनेच तो घाईघाईत बदलला होता. मोठ्याने म्हणायचं तेवढं राहून गेलं होतं.