तनुजाच्या नावची मोसंबी

नुकसानीच्या पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी मोसंबीच्या झाडाची काडी मोडली, टोक चावून मऊ केलं आणि खुशाल दात घासायला लागले.

तनुजा त्या काडीकडं बघतच राहिली. कडेवरच्या लेकीला, सायलीला, तिनं घट्ट धरलं. मोसंबीच्या काडीनं दात कोण घासतं?

काल दुपारी तिच्या सासऱ्यांनी, नानासाहेबांनी, मारुतीच्या देवळामागचा कडुलिंब निम्मा तोडून आणला होता. पाला ओरबाडून फांद्या या माळावर ओळीनं रोवल्या होत्या. शेंद्र्याच्या कारखान्यांच्या भिंतीला लागलेला हा मुरमाड तुकडा. कुसळाशिवाय इथं कधी काही उगवलं नव्हतं. कागदावर मात्र मोसंबीची भरली बाग होती, आणि ती अतिवृष्टीनं मुळं सडून वाळली होती. अनुदान हवं तर ती वाळलेली साहेबांच्या डोळ्यांना दिसायला हवी.

तुकडा तनुजाच्या नावावर होता. दिवाळीत नानासाहेबांनी तो तिच्या नावे केला तेव्हा भावकीत केवढं कौतुक झालं! सुनेला जमीन देणारा सासरा! पेढे वाटले, फोटो निघाले. तनुजालाही भरून आलं होतं. त्या भरात सासऱ्यांनी पुढं केलेल्या कागदांवर तिनं न वाचता सह्या केल्या. बी.कॉम. झालेली बाई! बागेचं तिला परवा कळलं, आणि तेव्हापासून एकच विचार डोक्यात फिरत होता. खोट्या अर्जावर गुन्हा दाखल झाला तर तो तिच्यावर होणार. ती आत गेली तर या लेकराला कोण बघणार?

"नानासाहेब," साहेब बाजूला थुंकत म्हणाले, "मोसंबी लई कडू निघाली हो तुमची."

"पावसाचा गुण हो साहेब. यंदा समदंच कडवट झालंय." नानासाहेब खो खो हसले. साहेबही हसले. पलीकडं शेडात गावरान कोंबडं शिजत होतं, त्याचा वास माळभर सुटला होता.

तनुजाला हसू आलं नाही.

"साहेब, इथं बाग नाही," तिचा आवाज फाटला. "कधीच नव्हती. या कडुलिंबाच्या फांद्या आहेत. काल रोवल्यात. वाटल्यास उपटून बघा!"

नानासाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. साहेबांनी तोंडातली काडी काढली आणि तिच्याकडं रोखून पाहिलं. होऊ दे काय व्हायचं ते, तनुजाला वाटलं. निदान छातीवरचा धोंडा तरी उतरला.

साहेबांनी पेन काढलं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागले, "बाग... समूळ... नष्ट. धक्क्यानं लाभार्थी महिलेच्या मनावर परिणाम. नुकसान... शंभर टक्के."

मग नानासाहेबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मी निम्मंच धरणार होतो. सूनबाई हुशार हाय तुमची!"

"शिकलेलीच केली, साहेब," नानासाहेबांचा जीव भांड्यात पडला. "जा बाई, झाडापाशी उभी ऱ्हा. फोटो लागतो."

तनुजाला कुणीतरी खांद्याला धरून कडुलिंबाशेजारी उभं केलं. तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. आई रडते बघून सायलीनंही भोकाड पसरलं.

साहेबांनी मोबाईल वर धरला.

"हां ताई, अस्संच. डोळे पुसू नका."