बँकेला हवे असलेले नाव

सोजरबाईंनी नवा फोन घेतला. हा फोन ओळखीचा नाही म्हणून बँकेने खातेच अडवले. नात राधिकाची परीक्षा फी आजच भरायची होती.

"ओळख पटवायला पतीचं नाव सांगा," बँकेतली मुलगी फोनवर म्हणाली.

"मालकाचं नाव आमी घेत नाई, माय. लिहून धाडू काय?"

"तुमच्याच आवाजात लागतं, आजी."

"सासूपुढं कधी घेतलं नाई, अन् तुले कायले सांगू वं?"

शेवटी वैतागून, डोळे मिटून त्या ओरडल्या, "चंपत किसन राऊत!"

अंगणात वांगी निवडणारे चंपतराव जन्मात पहिल्यांदा बायकोच्या तोंडून आपले नाव ऐकून धावतच आत आले. "काय झालं वं? कोन मेलं?"

"आजी, तुमच्याजवळ कुणीतरी परका माणूस आहे," मुलगी हळूच म्हणाली. "सुरक्षेसाठी खातं बंद करते."